पाच वर्षं थांबायची अट : स्टीफन किंगची '११/२२/६३'

कालप्रवासाची कादंबरी जोखायची ती तिच्या नियमांवरून. लेखकाने घातलेली अट पुढे त्यानेच सोयीने वाकवली, तर सगळा खेळ खलास. २०११ साली आलेली ही साडेआठशे पानांची कादंबरी त्या कसोटीला उतरते.

अमेरिकेतल्या मेन राज्यात लिस्बन फॉल्स इथे एक डायनर, म्हणजे छोटं खाण्याचं हॉटेल. त्याच्या कोठीच्या खोलीत न दिसणाऱ्या पायऱ्या. उतरलं की दर वेळी ९ सप्टेंबर १९५८, सकाळचे ११:५८. तिकडे तासभर राहा नाहीतर वर्षानुवर्षं, इकडे दोनच मिनिटं सरतात. पुन्हा उतरलात की आधी केलेला बदल पुसला जातो. तिकडे वाढलेलं वय मात्र पुसलं जात नाही. मालक अल टेम्पलटन १९५८च्या भावाने तेच मांस पुन:पुन्हा आणतो, म्हणून त्याचा बर्गर इतका स्वस्त! नियम समजावायची याहून चविष्ट रीत मला तरी माहीत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची डॅलसमधली हत्या २२ नोव्हेंबर १९६३ची, शीर्षकातली तारीख तीच. म्हणजे ती रोखायची तर पाच वर्षं तिकडे काढायलाच हवीत. अलला फुप्फुसाचा कॅन्सर गाठतो आणि काम शिक्षक जेक एपिंगकडे येतं. खोटं नाव, भाड्याचं घर, नोकरी, निकाल ठाऊक असलेल्या पैजा (आणि त्यामुळे संशय घेणारे बुकी) हे सगळं ओघाने येतं. केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड, त्याला आधीच का उडवू नये? कारण त्यामागे आणखी कुणी असेल तर हत्या टळणार नाही. तो एकटाच आहे का, याची परीक्षा १० एप्रिल १९६३ला, माजी लष्करी अधिकारी जनरल वॉकरवर गोळी झाडली गेली त्या रात्री : ती ऑस्वाल्डने एकट्यानेच झाडली का, हे जेकला पाहायचं असतं. खऱ्या इतिहासातली ही घटना किंगने फार हुशारीने वापरली आहे.

बदल जितका मोठा, तितका भूतकाळ आडवा येतो : ऐन वेळी पोट बिघडतं, गाडी दगा देते. ही लेखकाची पळवाट वाटू शकते, पण डेरी गावातल्या छोट्या कामगिरीत आधीच तिची ओळख होते, म्हणून डॅलसमध्ये ती पटते.

फोर्ट वर्थमधली ऑस्वाल्डवरची पाळत मात्र रेंगाळते. नवराबायको रशियनमध्ये भांडतात, जेक चोरून ऐकतो. पन्नासेक पानं सहज कापता आली असती. पायऱ्या उतरल्यावर तिकडे भेटणाऱ्या पिवळ्या कार्डवाल्या गूढ माणसाचा शेवटचा उलगडाही घाईत उरकलाय. उलट टेक्ससमधल्या 'जोडी' नावाच्या गावातली, जेक शिकवतो ती शाळा आणि तिथली ग्रंथपाल सेडी हा भाग अजिबात चाळून टाकू नका. जेकला तिथेच मुक्काम करावासा वाटू लागतो आणि खरा पेच तिथेच पडतो.

२०१६च्या आठ भागांच्या मालिकेत पायऱ्या १९६०मध्ये उघडतात आणि जेकला एक साथीदार मिळतो. वेग वाढला, पण कुणालाच काही सांगता न येणारा तो एकटा माणूस हरवला. पुस्तक आधी वाचा.