व्हीएलसी ३.०: फाइल उघडते, पण तुटत का चालते?

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर. एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे फाइलींचे प्रकार म्हणजे नुसती डब्यांची नावं. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, म्हणजे कोडेक, ते वेगळंच असतं. त्यामुळेच एक एमपी४ चालते आणि दुसरीचा फक्त आवाज येतो. व्हीएलसीत बहुतेक कोडेक आधीच भरलेले असतात: एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१. वेगळा कोडेक पॅक टाकू नका, व्हीएलसी तो वापरतच नाही.

फाइल अडखळली की आधी कंट्रोल+जे दाबून कोडेक बघा. १०-बिट (जास्त बारीक रंगछटांचं) एच.२६४ असेल, तर बहुतेक ग्राफिक्स कार्डं ते उलगडत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो. चित्रात हिरवे पट्टे किंवा चौकोन दिसले, तर संशय ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ड्रायव्हरवर. कंट्रोल+पी, मग इनपुट/कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स कार्डाकडून फाइल उलगडून घेणं) 'डिसेबल' करा, सेव्ह करा आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडा.

मराठी सबटायटलच्या जागी अगम्य चिन्हं आली, तर सबटायटलची फाइल (एसआरटी) नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात (एन्कोडिंग) सेव्ह करा. चौकोनी डबे आले, तर सबटायटल सेटिंगमध्ये फॉन्ट 'निर्मला यूआय' निवडा.

डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, असलेल्या फाइली इथे चालत नाहीत. रंगसंगती आणि मेन्यूची मांडणी मात्र जुनाट. हवी ती एक सेटिंग शोधायला तीन खिडक्या उघडाव्या लागतात. तरी फुकट, जाहिरातीविना, एवढं पोटात घेणारा प्लेअर म्हणून आमची पहिली पसंती हाच.