पाय सुजतात, गार पडतात की दुखतात? बीपीची गोळी त्यावर ठरते

"नस मोकळी करणारी गोळी म्हणता, मग माझे पाय का सुजले?" ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळच्या आमच्या औषधांच्या दुकानात एका मावशींनी विचारलं आणि चप्पल काढून पाय पुढे केला. जोडवी बोटात रुतलेली. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांच्या परच्यावर बीपीची गोळी, अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम.

अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, शिरा मात्र जवळपास तशाच राहतात. रक्त जोरात येतं, परतीची वाट तेवढीच. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्यापाशी साचतं. अंगात पाणी वाढलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ५ मिलिग्रॅमवर ही सूज कमी दिसते, १० वर जास्त, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात विचारूच नका. (एकच पाय सुजून दुखत असेल तर गोळीला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या शिराही थोड्या सैल करतात. म्हणून अम्लोडिपिन ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन ४० दिली की बहुतेकांची सूज उतरते आणि बीपीही आवरतं. सिल्निडिपिन अम्लोडिपिनच्याच घराण्यातली, पण तिने पाय कमी सुजतात.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांचं गणित उलटं. तिथे अम्लोडिपिनच बरी. तिची थोरली बहीण निफेडिपिन तर या त्रासावर मुद्दाम देतात. एटेनोलॉल या बीपीच्या आणखी एका गोळीने मात्र हातपाय जास्तच गार पडतात. डिसेंबरात तानसेन समारोहाला रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकत बसणाऱ्यांनी एटेनोलॉल चालू असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. गोळी मनाने सोडू नये, एकदम बंद केली तर छातीवर बेतू शकतं.

खरी गफलत तिसऱ्या तक्रारीत होते. किल्ल्याचा चढ चढताना पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळी होते. ही बहुधा पायाची धमनी चरबीने अरुंद झाल्याची खूण. लोक म्हणतात, नस रुंद करणारी गोळी वाढवा. पण तिघरा धरणाहून शहरात येणारी मोठी पाइपलाइनच चोंदली असेल तर घरातला नळ पूर्ण उघडून काय होणार? चालताना उपाशी स्नायूने आपल्या बारीक नसा आधीच सताड उघडलेल्या असतात. गोळीने उघडतात ते शेजाऱ्यांचे नळ. बीपी उतरवायचंच, पण त्याने पोटरी सुटेल या भरवशावर राहू नका.

इथे मी रामिप्रिलच्या बाजूचा. २००० साली आलेल्या होप अभ्यासात पायाच्या धमन्या खराब असलेलेही रुग्ण होते. रामिप्रिलने हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी झाले. कोरडा खोकला सतावू लागला तर टेल्मिसार्टन घ्यावी. २००८ च्या ऑनटार्गेट अभ्यासात ती रामिप्रिलच्या तोडीस तोड ठरली. फक्त अशा माणसाच्या किडनीच्या धमन्याही अरुंद असू शकतात, म्हणून दोन्हींपैकी कोणतीही सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं. गरोदरपणी दोन्ही वर्ज्य.

पोटरीसाठी मात्र बिडी सोडणं, कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणं. सिलोस्टॅझोल या गोळीने चालण्याचं अंतर वाढतं. हार्ट फेल्युअर असेल तर ती अजिबात नको. त्याआधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून घ्या. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९ पेक्षा कमी आलं तर अडथळा आहे.

प्राझोसिन ही बीपीची गोळी पायांसाठी कुणी मागू नये. पहिल्या डोसानंतर उठताना माणूस कोसळू शकतो, म्हणून ती झोपताना सुरू करतात.

मावशींना डॉक्टरांनी ५ आणि ४० ची जोडगोळी लिहून दिली. महिन्याने आल्या तेव्हा जोडवी बोटात फिरत होती. आता तक्रार गोळ्यांच्या भावाची.