पद्मिनीसाठी घरची शेड: एक पावसाळा काढल्यावर

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार पूर्ण उघडून पुन्हा बांधायची म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये जी तयारी केली, तिचा खरा कस पावसाळ्यात लागला. शेड 20 बाय 12 फूट आहे. गाडी चार मीटरही लांब नाही, पण दारं पूर्ण उघडून काम करायचं तर याहून लहान जागा पुरत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष जमिनीकडे द्या. जमिनीवर एपॉक्सीचा (कडक रंगासारखा थर) लेप देण्याआधी दीड फूट चौरस प्लास्टिक कोब्यावर चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर थांबा. खालची ओल वर येऊन थर फुगतो आणि सुटतो. ही चाचणी मार्चमध्ये फसवते, पावसात खरं बोलते. घोटलेला गुळगुळीत कोबा ग्राइंडरने खरवडलाच पाहिजे, नाहीतर एपॉक्सीला धरायला काही मिळत नाही.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सांगाडा. त्यामुळे गाडी ज्यांवर टेकवतो त्या चारही घोड्या एका पातळीत हव्यात; गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब इथे उत्तम. गंजलेलं सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी तात्पुरता जोडा. तो नसला तर बॉडी बसते आणि दारांच्या फटी पुन्हा जुळत नाहीत.

हवा दाबून भरणाऱ्या दोन एचपी कॉम्प्रेसरला बोर्डापासून स्वतंत्र 4 चौरस मिमी तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा सी टाइप एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा स्विच) दिला आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून बी टाइप उगाच पडतो. लांब एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडून मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. शॉक लागू नये म्हणून करंट गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

पावसात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं. संध्याकाळी खालचा कॉक उघडायचा. हवेतलं पाणी गाळणारा वॉटर सेपरेटर टाकीला लागूनच बसवला तर गरम हवेतली वाफ तशीच पुढे जाते. पाइप 15-20 फूट फिरवून, उतार देऊन, मग तो बसवा. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. नुसतं प्रायमर सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर) मारून महिनाभर ठेवलं तर ते ओल पितं आणि खाली गंज धरतो.

गाडीखाली उतरून काम करायला खड्डा मात्र खणू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचते आणि वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. पेट्रोलची टाकी शेडबाहेर उतरवा, सॉकेट कमरेच्या वर घ्या, आग विझवायचा 6 किलोचा एबीसी पावडर सिलिंडर दाराशी ठेवा. ट्यूबलाइट छतापेक्षा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खांद्याच्या उंचीवर जास्त कामाच्या: लांबी (पुट्टी) घासताना पत्र्याची प्रत्येक लाट त्यांच्या तिरप्या उजेडात दिसते.