‘स्वतःच बसवा’ म्हणणाऱ्या टर्बो किटवाल्याने मला २,४३,१३० रुपयांना बुडवलं

हिशेब आधी देतो. टर्बोचं, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राचं, किट ८४,५०० रुपये. ‘पार्सल सीमाशुल्कात अडकलंय’ म्हणून वर ११,२५०. गॅस्केट, ऑइल, कूलंट, क्लॅम्प यांचे ६,७८०. बंद पडलेली गाडी टोचन करून आणायला ३,२००. इंजिन पुन्हा बांधायला १,३७,४००. एकूण २,४३,१३०. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

आगाऊ पैसे, मग शुल्क, मग फोन न उचलणं, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. मलाही होता. म्हणून तर मी २५,००० आधी देऊन उरलेले ५९,५०० माल निघाल्याची पावती बघून दिले. पावती खरी होती, माल आला, खोक्यात टर्बो होता. त्यामुळे मला वाटलं, फसवणुकीची वेळ टळली. इथे फसवणूक माल हातात आल्यानंतरची होती आणि ती माझ्याच हातून करवून घेतली गेली.

मी या कामात नवखा नाही. बारा वर्षं माझ्या गाडीचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट मीच बदलतोय. टर्बो बसवायला गॅरेजमध्ये द्यायचा की घरी बसवायचा, हा विचार मी दोन महिने केला. मावसभावाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “अरे, तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन किती आहे ते बघितलंस का?” बघितलं होतं. १०.५ ला १, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण साडेदहा पट दाबलं जातं. नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे मुळात टर्बो नसलेल्या, इंजिनाला एवढं कॉम्प्रेशन असताना वरून दाबाची हवा कोंबली की नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनला धक्के बसण्याचा, धोका असतो, हे मला पाठ होतं. म्हणूनच मी विक्रेत्याला ०.५ बारच्या वर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, नको असं सांगितलं होतं. तो म्हणाला, “साहेब, वेस्टगेटची स्प्रिंगच ०.५ ची आहे. वर जाणारच नाही.” वेस्टगेट म्हणजे बूस्ट ठरल्यापलीकडे जाऊ न देणारी झडप. माझ्याकडे त्याचं हे म्हणणं लेखी आहे. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, ते पुढे सांगतो.

आता तो क्षण. रोज रात्री तोच डोळ्यासमोर येतो. मी त्याला म्हटलं, किट आलं की एका ट्यूनरला, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी जुळवून देणाऱ्याला, दाखवतो, मग बसवायला घेतो. तो लगेच म्हणाला, “दादा, गॅरेजवाल्याला दाखवू नका. ते चांगला टर्बो काढून घेतात आणि दुसरा घालतात. तुमच्यासारख्या माणसाने स्वतःच बसवावा, दोन दिवसांचं काम आहे.” तोपर्यंत ‘साहेब’ म्हणणारा माणूस ‘दादा’वर आला. मला ते आपुलकीचं वाटलं. गॅरेजवाल्यांचे कटू अनुभव मलाही होते, त्यामुळे ते पटलं. ज्याला आपला माल चांगला आहे अशी खात्री आहे, तो दुसऱ्याच्या नजरेला का घाबरेल? एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. उलट मजुरी वाचली म्हणून मी खूश झालो.

दुसरी खूण खोक्यातच होती. ऑइल परतीची नळी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल लागतं. आत जाताना ते पंपाच्या दाबाने जातं, पण परत येताना फक्त उतारावरून वाहत ऑइल चेंबरमध्ये यायचं असतं. म्हणून परतीची नळी जाड लागते, आतून सोळा मिलिमीटरच्या आसपास. मला आलेली दहाची होती. मी ती हातात धरून म्हणालोसुद्धा, बारीक वाटते. फोन केला. “किटसोबत तीच येते.” मी बसवली. नळी हातात आली की आधी आतला व्यास मोजा. बारीक निघाली तर बसवूच नका, विक्रेता काहीही म्हणो.

इंजिन चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला निळा धूर. बारीक नळीतून ऑइल तुंबतं आणि सीलमधून टर्बाइनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, बाजूला जातं, त्याचा तो धूर. विक्रेत्याने सांगितलं, बांधणीचं ऑइल जळतंय, शंभर किलोमीटरमध्ये थांबेल. त्या वेळी मी गाडी बंद करायला हवी होती. पण दोन शनिवार-रविवार राबून बसवलेलं होतं, आणि बंद केली असती तर माझंच काहीतरी चुकलं हे मान्य करावं लागलं असतं. नवख्या माणसापेक्षा हातात थोडी कला असलेला माणूस या सापळ्यात जास्त खोल जातो, कारण तो विक्रेत्याआधी स्वतःच्या कामावर संशय घेतो.

चौथ्या दिवशी चढावर डब्यात खडे खुळखुळावेत तसा नॉकिंगचा आवाज आला. पाय काढेपर्यंत उशीर झाला होता. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगांमधला कडेचा तुकडा पडलेला.

त्यानंतर मी सगळं मोजायला बसलो. ते आधी करायचं होतं. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला हातपंप आणि गेज लावला. ०.५ ला उघडायला हवा तो ०.९ पर्यंत हलला नाही. जाहिरातीत ६० ट्रिमचा कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, लिहिला होता. ट्रिम काढायला कॅलिपर पुरतो: चाकाच्या लहान व्यासाचा वर्ग भागिले मोठ्या व्यासाचा वर्ग, गुणिले शंभर. माझं चाक ४२ आणि ६० मिलिमीटर, म्हणजे ट्रिम ४९. नावाच्या पट्टीवर एका प्रसिद्ध कंपनीचं नाव होतं आणि त्यातलं एक अक्षर चुकलेलं होतं. ते मी खोका उघडताना पाहिलं होतं. छपाईचा दोष समजून सोडून दिलं.

आणि किटमधला तो ‘फ्युएल कंट्रोलर’. काळी सीलबंद डबी, दोन वायरी, एक हिरवा दिवा. पॉलिश पेपरने घासून उघडली. आत एक रेझिस्टर आणि तो दिवा, बाकी काही नाही. वायरी हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायला सांगितल्या होत्या. म्हणजे ईसीयूला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटत राहणार की आत येणारी हवा थंड आहे, त्यामुळे तो थोडं पेट्रोल वाढवणार आणि ठिणगीही लवकर पाडणार. बूस्टमध्ये लवकर ठिणगी म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. माझ्या गाडीचा मूळ मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, वातावरणाच्या दाबापलीकडचा बूस्ट वाचूच शकत नव्हता. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मूळचेच. त्यामुळे जास्त हवा आत जात होती आणि पेट्रोल त्या मानाने कमी. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण साधारण ११.५ ते १२ ला १ ठेवतात. माझ्या गाडीत ते किती होतं हे सांगायलाही काही साधन नव्हतं, कारण ते मोजणाऱ्या वाइडबँड मीटरची विक्रेत्याच्या मते ‘या किटला गरज नाही’. कोणीही असं म्हणाला की बोलणं तिथेच थांबवा. नट-बोल्ट आवळणं हा या कामाचा सोपा भाग आहे. ट्यूनिंग कोण करणार, त्याने सुट्या भागांची यादी आधी पाहिली आहे का, हे ठरलेलं नसेल तर पाना हातात घेऊ नका.

आता तक्रारीचं सांगतो. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवलं. मग विचारलं, “माल मिळाला ना?” मिळाला. “मग फसवणूक कसली? हा तुमच्यातला व्यवहार आहे.” नकली पट्टी दाखवली. “हे आम्हाला काय कळणार? आणि गाडीत असा बदल करायची परवानगी घेतली होती का?” तक्रारदार मी आणि उत्तरं मीच देतोय. दुसऱ्या वेळी साहेब रजेवर. तिसऱ्या वेळी अर्ज सापडेना, पुन्हा लिहून दिला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही. विमा कंपनीने दोन ओळींत कळवलं की न कळवलेल्या बदलामुळे दावा नामंजूर. ज्या साइटवर जाहिरात होती ते म्हणाले, पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत. ग्राहक तक्रारीसाठी तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. तीन गॅरेजवाल्यांनी भाग पाहून तोंडी सांगितलं की माल नकली आहे, लिहून द्यायला एकही तयार नाही. का? “बसवलंय तुम्ही. आमची सही कशाला?”

प्रत्येक टेबलावर हेच वाक्य ऐकलं. तुम्ही बसवलंय. विक्रेत्याच्या शेवटच्या मेसेजमध्येही तेच: “अयोग्य फिटिंगमुळे झालेल्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.” तेव्हा मला कळलं की ‘स्वतः बसवा’ हा सल्ला पहिल्या दिवसापासून त्याचा बचाव होता. एकही बोल्ट आवळण्याआधी मी भाग त्रयस्थाकडून लेखी तपासून घेतले असते, खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ केला असता, तर निदान हे वाक्य कोणी माझ्या तोंडावर फेकलं नसतं. शुल्काचे ११,२५० त्याच्या खात्यात भरले हीसुद्धा चूकच. शुल्क विक्रेत्याच्या खात्यात जात नसतं.

काम चालू असताना तो रोज कौतुक करायचा. “काय सफाईदार काम केलंय दादा, फोटो पाठवा ना.” मी सहा फोटो पाठवले. मागच्या आठवड्यात वेगळ्या नावाने तीच जाहिरात पुन्हा दिसली. ‘ग्राहकाने घरी बसवलेलं किट’ म्हणून खाली माझ्याच इंजिनाचा फोटो आहे. डाव्या मडगार्डवर निळं चौकडीचं फडकं, त्यावर तेरा नंबरचा पाना, आणि ऑइलची ती बारीक नळी स्पष्ट दिसते. जाहिरातीची तक्रार मी तीनदा केली, ती अजून तिथेच आहे. हा फोटो तुम्हाला कोणी दाखवला, तर त्या माणसाला पैसे पाठवू नका.