वसंतातले फुटबॉल: नव्या लीगवर किती भरवसा ठेवावा?

कोलंबस, लुईव्हिल, ऑरलँडो किंवा डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये राहणाऱ्या, आणि आपल्या शहरात नव्याने आलेल्या, यूएफएल या वसंतात खेळणाऱ्या लीगमधल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे संपूर्ण हंगामाचे तिकीट काढावे की नाही या विचारात असलेल्या वाचकासाठी हा आढावा आहे. फ्रिस्को परिसरात तर मराठी कुटुंबेही बऱ्याच संख्येने राहतात, आणि मुलांना शाळेत या खेळाची गोडी लागली की हा प्रश्न घरात येतोच. हा प्रश्न तिकिटाच्या किमतीपुरता नाही. संघाशी नाते जडते, मुले त्याचा टी-शर्ट घालून झोपतात आणि दोन वर्षांनी तो संघ नाहीसा झाला की होणारे नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगच्या बाहेर उभ्या राहिलेल्या बहुतेक लीगांचा शेवट असाच झाला आहे. म्हणून खेळाच्या दर्जाआधी मी एक प्रश्न विचारतो: पुढच्या वर्षीचा तोटा कोण भरणार आहे, आणि तो भरण्यात त्याचे स्वतःचे काय हित आहे?

नव्या लीगचे समर्थक नेहमी १९६० च्या एएफएलचे (अमेरिकन फुटबॉल लीग) उदाहरण देतात. लामार हंट यांच्या पुढाकाराने आठ संघांनिशी सुरू झालेली ही लीग दहा वर्षे टिकली, १९६६ मध्ये तिने एनएफएलशी विलीनीकरणाचा करार केला आणि १९७० मध्ये तिचे दहाही संघ एनएफएलमध्ये सामावले गेले. जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने बाल्टिमोर कोल्ट्सना १६-७ असे हरवून ही लीग दुय्यम नसल्याचे मैदानावरच दाखवून दिले. या यशामागचे कारण मात्र नीट पाहिले पाहिजे. १९५९ मध्ये एनएफएलचे फक्त बारा संघ होते, ह्यूस्टन, डेन्व्हर, बफेलो अशी मोठी शहरे रिकामी होती आणि दूरचित्रवाणी कंपन्यांना दाखवायला फुटबॉल हवे होते. एएफएलने पहिल्याच वर्षी एबीसी वाहिनीशी संपूर्ण लीगच्या वतीने करार करून पैसे सर्व संघांत समान वाटले, आणि पुढे एनबीसीने पाच वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. त्या पैशामुळेच दुबळ्या संघांनाही चांगले खेळाडू घेता आले. आज एनएफएलचे ३२ संघ आहेत, आणि २०२१ मध्ये तिने केलेले अकरा वर्षांचे प्रक्षेपण करार सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत. एएफएलला जी मोकळी जागा मिळाली, ती आता उरलेली नाही. जो प्रवर्तक आपल्या लीगची तुलना एएफएलशी करतो, त्याच्याकडे मी त्यामुळेच अधिक सावधपणे पाहतो.

त्याच्या उलट १९८३ ची यूएसएफएल. डेव्हिड डिक्सन यांची मूळ कल्पना शहाणपणाची होती: खर्चावर मर्यादा ठेवायची आणि वसंत ऋतूत, म्हणजे एनएफएल विश्रांती घेत असताना, खेळायचे. एबीसी आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या ईएसपीएनने सामने दाखवले. पण मालकांमध्ये खेळाडूंवर पैसा उधळण्याची चढाओढ लागली. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण न झालेल्या हर्शेल वॉकरला न्यू जर्सी जनरल्सने करारबद्ध केले आणि लॉस एंजेलिस एक्स्प्रेसने स्टीव्ह यंगशी सुमारे ४ कोटी डॉलरचा दीर्घ मुदतीचा करार केला. बारा संघांची लीग दुसऱ्याच वर्षी अठरा संघांची झाली, कारण नव्या संघांचे प्रवेशशुल्क हाच जुन्या मालकांचा तोटा भरून काढण्याचा सोपा मार्ग होता. पुढे जनरल्सचे मालक झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहाने लीगने १९८६ पासून शरद ऋतूत, एनएफएलच्या समोरासमोर, खेळण्याचे ठरवले. एबीसी वसंतातील हंगामासाठी चार वर्षांचे १७ कोटी ५० लाख डॉलर द्यायला तयार होती, तरीही तो प्रस्ताव नाकारला गेला. मग मक्तेदारीविरोधी खटला झाला. जुलै १९८६ मध्ये ज्यूरीने एनएफएलची मक्तेदारी मान्य केली आणि नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर, जी कायद्यानुसार तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. शरद ऋतूतला तो हंगाम कधी झालाच नाही.

मला या कथेत सर्वांत जास्त खटकते ते हे की खेळ चांगला होता. जिम केली, रेगी व्हाइट, स्टीव्ह यंग हे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले खेळाडू तिथे होते. लीग बुडाली ती मालकांच्या घाईने. त्यांना फुटबॉल लीग चालवण्यापेक्षा एनएफएलमध्ये शिरण्याचे दार हवे होते. ज्या मालकाचे लक्ष दुसऱ्याच दारावर आहे, त्याच्या संघाचे तिकीट काढताना दोनदा विचार करावा.

यानंतरच्या वसंत लीगांची तुलना करताना दोन नावे शेजारी ठेवावी लागतात. २०१९ ची एएएफ आणि २०२० ची एक्सएफएल. दोन्हींत आठ संघ होते, दोन्ही फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, पुढच्याच आठवड्यात सुरू झाल्या आणि दोन्हींचा पहिला हंगाम पूर्ण झाला नाही. तरीही दोघींना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. एएएफकडे अनुभवी माणसे होती. संस्थापकांत चार्ली एबरसॉल यांच्यासोबत एनएफएलमध्ये संघबांधणीसाठी नावाजलेले बिल पोलियन होते. पण तिच्याकडे हंगाम पुरा करण्याइतके पैसेच नव्हते. काही आठवड्यांतच गुंतवणूकदार टॉम डंडन यांना २५ कोटी डॉलरच्या आश्वासनावर आणावे लागले आणि त्यांनी सुमारे ७ कोटी खर्च झाल्यावर, २ एप्रिल २०१९ रोजी, आठ फेऱ्यांनंतर काम थांबवले. ऑरलँडोचा संघ तेव्हा ७-१ अशा विक्रमासह अव्वल होता. त्याच संघाला हंगामात सरावासाठी सीमा ओलांडून जॉर्जियात जावे लागत होते, कारण फ्लोरिडात खेळाडूंसाठी कामगार नुकसानभरपाईचा विमा मिळवणे अवघड होते. नव्या लीगचा पैसा अशाच प्रेक्षकांना न दिसणाऱ्या गोष्टींत जातो: विमा, वसतिगृहे, विमानभाडी, डॉक्टर.

एक्सएफएल मात्र कोविडच्या साथीने थांबवली. तिचे संस्थापक, कुस्तीचे प्रवर्तक विन्स मॅकमोहन यांचा याच नावाच्या लीगचा २००१ चा पहिला प्रयत्न वेगळ्या कारणाने फसला होता. पहिल्या रात्री सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी सामना पाहिला, पण कुस्तीच्या आखाड्यातला आरडाओरडा फुटबॉलवर चढवल्याने प्रेक्षक आठवड्यागणिक पळाले आणि एका हंगामात खेळ आटोपला. २०२० मध्ये त्यांनी तो मार्ग सोडला. नियमांवर मेहनत घेतली गेली, विशेषतः सुरुवातीच्या किकवर, जिथे दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांपासून पाच यार्डांवर उभे राहतात आणि पूर्ण वेगाने होणाऱ्या धडका टळतात. पाच फेऱ्यांनंतर मार्चमध्ये सारे थांबले आणि एप्रिलमध्ये लीग दिवाळखोरीत गेली, पण त्या किकचा सुधारित अवतार २०२४ मध्ये खुद्द एनएफएलने स्वीकारला. ऑगस्ट २०२० मध्ये अभिनेता ड्वेन जॉन्सन, त्यांच्या व्यवसायातील भागीदार डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड कॅपिटल ही गुंतवणूक संस्था यांनी ती लीग १ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. ही तीच रेडबर्ड, जिने पुढे राजस्थान रॉयल्समध्येही हिस्सा घेतला.

दरम्यान फॉक्स वाहिनीने यूएसएफएल हे जुने नाव घेऊन २०२२ मध्ये स्वतःची लीग सुरू केली. खर्च वाचवण्यासाठी जवळजवळ सारा पहिला हंगाम अलाबामातल्या बर्मिंगहॅम या एकाच शहरात खेळवला गेला, त्यामुळे मिशिगन आणि न्यू जर्सी ही नावे जर्सीवर होती आणि त्या गावांतले प्रेक्षक घरी दूरचित्रवाणीसमोर. आपल्याकडे हा प्रकार त्याआधीच होऊन गेला आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ होते, पण २०१२ मध्ये सामने झाले ते श्रीलंकेत. पुण्यातल्या किती जणांना आपल्या शहराचा असा संघ होता हे आठवते? गावात सामना न झालेल्या संघाला गाव लक्षात ठेवत नाही. फॉक्सकडे निदान दीर्घकाळ तोटा सोसण्याची ताकद होती. तिच्या भारतीय समकक्षाकडे ती नव्हती.

२०२४ मध्ये एक्सएफएल आणि यूएसएफएल एकत्र येऊन आजची यूएफएल झाली, आणि सुरुवातीच्या प्रश्नाला आजवरचे सर्वांत बरे उत्तर तिच्याकडे आहे. फॉक्स ही मालकांपैकी एक आहे. एप्रिल ते जून या काळात तिला आठवड्याच्या शेवटी थेट दाखवायला काहीतरी हवे असते, आणि स्वतःच्या मालकीचा सामना दाखवताना हक्कांसाठी दुसऱ्या कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. २०१८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांत खेळांवर पैज लावणे कायदेशीर झाल्याने कोणत्याही थेट सामन्याला थोडा अधिक प्रेक्षक मिळतो. म्हणून उद्या एकाएकी दिवे मालवतील, ही एएएफची भीती इथे कमी आहे.

पण लीग टिकणे आणि तुमचा संघ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिकीट काढणाऱ्याने हा फरक विसरू नये. २०२५ चा अंतिम सामना वॉशिंग्टनच्या डीसी डिफेंडर्सने मिशिगन पँथर्सविरुद्ध ५८-३४ असा जिंकला. त्या वर्षी उद्योजक माइक रेपोल गुंतवणूकदार म्हणून आले, आणि २०२६ च्या हंगामासाठी मिशिगन, मेम्फिस आणि सॅन अँटोनियो हे तीन संघ वगळून कोलंबस, लुईव्हिल आणि ऑरलँडो आणले गेले. उपविजेता संघ, ज्याच्या चाहत्यांनी नुकताच अंतिम सामन्याचा आनंद अनुभवला होता, तोही त्यातून सुटला नाही. निर्णयामागचा हिशेब समजण्यासारखा आहे: मिशिगनचा संघ खेळत असे त्या डेट्रॉइटच्या पासष्ट हजारांच्या फोर्ड फील्डमध्ये दहा हजार प्रेक्षक रिकाम्या खुर्च्यांत हरवतात, तेच वीस हजारांच्या सॉकर मैदानावर भरल्यासारखे दिसतात आणि भाडेही कमी पडते. हा मार्ग मला आर्थिकदृष्ट्या पटतो. तरीही एकदा सहज उठवलेले बिऱ्हाड पुन्हा उठवले जाऊ शकते, हे नव्या तीन शहरांनी गृहीत धरावे.

याला अपवाद सेंट लुईसचा. या शहराने १९८८ मध्ये कार्डिनल्स आणि २०१६ मध्ये रॅम्स असे दोन एनएफएल संघ गमावले. २०२१ मध्ये रॅम्सच्या स्थलांतराच्या खटल्यात ७९ कोटी डॉलरची तडजोड मिळाली, पण संघ परत आला नाही. तिथल्या लोकांनी बॅटलहॉक्स या आपल्या वसंत लीगमधल्या संघाला ज्या प्रेमाने जवळ केले, ते या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत हृद्य वाटणारे पान आहे. २०२३ आणि २०२४ च्या पहिल्या घरच्या सामन्यांना अडतीस ते चाळीस हजार लोक आले होते. रिकामे शहर आणि जखम अजून ओली असलेले प्रेक्षक, ही एएफएलच्या काळातली परिस्थिती आज उरली असेल तर एवढ्याच एका ठिकाणी.

खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर नव्या लीगची ताकद पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. १९८३ मध्ये हर्शेल वॉकरला पळवता आले, कारण विद्यापीठ त्याला पगार देऊ शकत नव्हते. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. यूएफएलमध्ये २०२४ साली किमान मानधन आठवड्याला ५,५०० डॉलर होते, म्हणजे दहा आठवड्यांच्या हंगामाचे ५५,०००. त्याच वर्षी एनएफएलमध्ये नवख्याचे किमान वार्षिक वेतन ७,९५,००० डॉलर होते. उगवता तारा इथे येणार नाही. येतो तो दुसरी संधी शोधणारा खेळाडू, आणि ती संधी खरी आहे: ब्रँडन ऑब्री आणि कव्होंटे टर्पिन यूएसएफएलमधून डॅलस काउबॉइजमध्ये गेले, तर जेक बेट्स मिशिगन पँथर्सकडून ६४ यार्डांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून पाठवणे) मारून त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सचा किकर झाला. मात्र तुमचा आवडता खेळाडू जितका चांगला, तितका तो लवकर तुमच्या संघातून जाणार, हे या लीगच्या स्वरूपातच आहे.

छोट्या शहरांत बंदिस्त सभागृहातले, पन्नास यार्डांच्या मैदानावरचे फुटबॉल हा आणखी एक पर्याय असतो. खर्च कमी, मालक बहुधा स्थानिक, मुलांना खेळ अगदी जवळून दिसतो. इनडोअर फुटबॉल लीग २००९ पासून, साथीचे वर्ष सोडल्यास, चालू आहे. जुने मोठे नाव म्हणजे सुरक्षितता असे मात्र समजू नये. अरीना फुटबॉल लीग २०२४ मध्ये सोळा संघांनिशी पुन्हा सुरू झाली आणि काही आठवड्यांतच त्यांतले अनेक संघ बंद पडले.

तेव्हा माझा सल्ला शहरानुसार बदलतो. सेंट लुईस, वॉशिंग्टन किंवा बर्मिंगहॅममध्ये असाल, तर हंगामाचे तिकीट निःशंक घ्यावे. तिथे प्रेक्षकवर्ग तयार आहे आणि संघ हलवण्याचे कारण मालकांकडे नाही. ह्यूस्टन आणि फ्रिस्कोत संघ लहान मैदानावर आणणे हे उत्तम पाऊल आहे, पण एनएफएलचे संघ शेजारीच असल्याने आधी दोन-तीन सामने सुटे तिकीट काढून पाहावेत. कोलंबस, लुईव्हिल आणि ऑरलँडोत पहिल्या वर्षी खेळ जरूर पाहावा, दुसऱ्या वर्षाचे पैसे मात्र आगाऊ भरू नयेत. घरचे सामने त्याच मैदानावर जाहीर झाले आहेत का, आणि फॉक्स ते मुख्य वाहिनीवर दाखवते की दुय्यम वाहिनीवर ढकलते, एवढे पाहून मगच नूतनीकरणाच्या पत्राला उत्तर द्यावे.