लाइट गेली आणि जहाजं दिसायला लागली: एसडीआर डोंगल, सात महिन्यांनंतर

एसडीआर डोंगल म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं, एवढं पुरे. आतली आरटीएल२८३२यू चिप वगैरे इथे लिहीत बसत नाही, ज्यांना त्यात रस आहे त्यांना ते माहीतच आहे. मला फक्त भडास काढायची होती. त्यातली निम्मी भडास चुकीची होती हे मला मागच्या महिन्यात कळलं, ते पुढे येईलच.

मूळ डोक्यात होता स्कॅनर, म्हणजे पोलीस-फायरचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा रेडिओ. २६ जुलै २००५ ला मी ऐरोलीला अडकलो होतो, मोबाइल मेलेला, आणि नाक्यावरच्या हवालदाराच्या वॉकीटॉकीवर कुठला रस्ता चालू कुठला बंद सगळं येत होतं. आम्ही दहा-बारा जण छत्र्या घेऊन त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे. तेव्हापासून वाटायचं की असलं काहीतरी आपल्याकडे पाहिजे. मेव्हणा न्यू जर्सीला असतो, त्याला म्हटलं येताना युनिडेन कंपनीचा एसडीएस१०० स्कॅनर आण. तो म्हणाला, "दाजी, सातशे डॉलरच्या आसपास जातो तो, आणि त्यात तुम्ही काय नेरूळचा पिन कोड टाकणार?" खरंच होतं, त्या स्कॅनरची अर्धी मजा त्यातच आहे, अमेरिकेतला झिप कोड टाकला की तिथल्या पोलीस-फायरचे चॅनेल कार्डवरच्या डेटाबेसमधून आपोआप लागतात, त्यांची पी-२५ ही डिजिटल रेडिओ पद्धतसुद्धा, फेज १, फेज २ सगळं. आणि एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर कितीही महागडा घ्या, काही ऐकू येणार नाही, न्यूयॉर्कच्या पोलिसांनीसुद्धा २०२३ पासून एकेक चॅनेल तसे बंद करायला घेतलेत. वर आपल्याकडे पोलिसांचं बोलणं विनापरवाना ऐकणं कायद्यात बसत नाही. बायको एवढंच म्हणाली, "रिटायर झाल्यावर पोलीस स्टेशन बघायचंय का?" विषय संपला.

मग भाच्याने सुचवलं, जे स्वतःहून ओरडून सांगतायत तेच पकडा ना मामा. जहाजं एआयएस ह्या रेडिओ यंत्रणेवर आपलं नाव, वेग, दिशा सांगत असतात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, आणि विमानं १०९० मेगाहर्ट्झवर. विमान अडचणीत असेल तर ७७०० कोड लावतं, तोही दिसतो. आमचं घर सीवूड्सला तेराव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी आणि लांब न्हावा-शेवाच्या क्रेन. म्हटलं ह्याहून चांगली जागा कुठली मिळणार.

पहिलं डोंगल ऑनलाइन घेतलं, १६५० रुपये, फोटोत ओरिजिनल, हातात आलं ते डुप्लिकेट. कसं कळलं? चांगल्या डोंगलमध्ये टीसीएक्सओ, म्हणजे गरम झालं तरी न सरकणारा क्रिस्टल असतो, फ्रिक्वेन्सी दहा लाखात एखाद्या भागानेच इकडेतिकडे होते. माझं ५८ पीपीएम, म्हणजे दहा लाखात ५८ भाग सरकलेलं, म्हणजे १६२ मेगाहर्ट्झला जवळजवळ साडेनऊ किलोहर्ट्झ. सॉफ्टवेअरमध्ये ५८ टाकून दुरुस्त केलं की अर्ध्या तासात डोंगल गरम होऊन परत सरकायचं, मग ६३ टाका, मग ६६, चहा ठेवून आलो की परत बघा. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा. अहो, डबा उघडताना क्रिस्टल कुठला आहे ते व्हिडिओत कसं दिसणार? सहा मेल, दोन फोन, चौकशी चालू आहे, अजूनही चालूच आहे. शेवटी दात-ओठ खात ४८०० चं ओरिजिनल घेतलं. सरकणं बंद झालं.

पण संध्याकाळी जहाजं गायबच! दिवसा पंधरा-वीस दिसायची, सात वाजले की दोन, कधी शून्य. महिनाभर मी ह्या दुसऱ्या डोंगललाही शिव्या घातल्या, एक स्टार देऊन झाला, चार ओळी इंग्रजीत लिहूनही झाल्या. मग मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बिल्डिंगची लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, आणि स्क्रीनवर बघतो तर एकोणीस जहाजं. लाइट आली, परत दोन. घरातला एकेक स्विच बंद करत गेलो, आमच्याच हॉलच्या फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्टीचा तो स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर निघाला, दिवाळीला मीच घासाघीस करून १८० ला आणलेला. तर एक स्टार काढून चार केले. पाचवा देत नाही, कारण डोंगलबरोबर येणारा अँटेना खेळण्यातला आहे.

आता वायरबद्दल, कारण खरे पैसे तिथे जातात आणि कोणी सांगत नाही. अँटेनापासून डोंगलपर्यंत न्यायला मी दहा मीटर आरजी-५८ केबल आणली, दुकानदार म्हणाला रेडिओला हीच लागते, ५० ओहम. लागते बरोबर, पण १०९० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे अर्ध्या डेसिबलच्या वर खाते, म्हणजे दहा मीटरमध्ये सिग्नलचा पाऊण हिस्सा वायरीतच संपला. कपाटावर जुन्या सेट-टॉप बॉक्सची आरजी-६ गुंडाळून पडली होती, फुकटची. ती ७५ ओहमची, पण त्या फरकाने जातं ते अगदी किरकोळ, आणि मीटरमागे खाते निम्म्याहून कमी. कनेक्टर बदलायला १२० रुपये. अँटेना म्हणून तांब्याच्या तारेचा ६.९ सेंटिमीटर तुकडा, पाव तरंगलांबी, खाली तशाच चार काड्या. आधी विमानं साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत दिसायची, आता समुद्राच्या बाजूला दोनशेच्या पुढे जातात. वायरीवर खर्च केलेल्या ९०० रुपयांचं मात्र अजून वाईट वाटतं.

एक अपेक्षाभंग सांगायला हवा. मासेमारीच्या आणि रेतीच्या बऱ्याच होड्या नकाशावर येतच नाहीत. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे, छोट्यांचं तसं नाही. समोर डोळ्यांना बोट दिसते आणि स्क्रीनवर तिथे नुसतं पाणी. उलट नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून मजा वाढली, उतरणाऱ्या विमानाचा उंचीचा आकडा तीन हजार, दोन हजार, हजार असा खाली येताना नातू मोठ्याने वाचतो आणि मग खिडकीकडे पळतो.

पावसाळ्याच्या आधी बाहेरच्या जोडावर सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळायचीय, एकदा पाणी आत गेलं की ती वायर फेकायचीच. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली गाठलं, "काका, तुमच्या खिडकीतून ही वायर कसली बाहेर आलीय?" म्हटलं डिशची. आरजी-६ आहे, खोटं कुठे बोललो.