करवल्यांच्या सेम टू सेम साड्या: पाच जमल्या, दोन फसल्या (३ स्टार)

ताईच्या लग्नात आम्ही सात जणींनी मोरपंखी सेमी पैठणी नेसायचं ठरवलं, लाल काठ. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून (नाव राहू दे) आधी पाच घेतल्या, त्या एक नंबर, कापड मऊ, निऱ्या पण छान बसतात. मग नागपूरच्या मावसबहिणी म्हणाल्या आम्हालाही हव्यात, म्हणून तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून अजून दोन मागवल्या आणि तिथेच घोळ झाला. कोड तोच, काठ तोच, ट्यूबलाइटखाली पण सेमच वाटल्या, पण गॅलरीत नेऊन शेजारी धरल्या तर जुनी निळ्याकडे झुकणारी आणि नवीन सरळ हिरवीगार!

दुकानदार म्हणे ताई, लॉट बदलला की शेड थोडी हलतेच, फोटोत नाही कळत. अहो फोटोतच तर कळतं, सगळ्या एका लाईनीत उभ्या असतात ना! त्यात मोरपंखीत उभा धागा एका रंगाचा नि आडवा दुसऱ्या, म्हणजे फरक अजूनच दिसतो. हे ऑर्डर घेताना सांगायला काय झालं होतं? पैसे परत नाहीत, क्रेडिट नोट दिली फक्त.

घेणार असाल तर सगळ्या एकदम घ्या, एक जास्तीची पण, आणि दुकानाच्या दारात उन्हात धरून बघा, मोबाईलवरच्या रंगावर जाऊ नका. नागपूरकरणींना शेवटी फोटोत दोन टोकांना उभं केलं, मावशी अजून टोमणे मारते.